हखामनिश

'ह'चा खण ओढताना मधेच अडतो,
डाव्या हाताने खालून उचलावा लागतो.
येरवड्याकडच्या आमच्या कोशकचेरीत
हे फक्त दोघांना ठाऊक होतं.

शाळेत शिकले ते अकिमेनिड:
ग्रीकांच्या जिभेवरून घसरलेलं, इंग्रजांच्या खिशातून आलेलं,
इतकं झिजलेलं नाणं
की मुखवटा कुणाचा, कळू नये.
मूळ शब्द हखामनिश.
इराणात एका कड्यावर, खिळ्यांसारख्या अक्षरांत
एक राजा बापाचा बाप, त्याचा बाप मोजत जातो
आणि या नावाशी येऊन थांबतो.

नेर्लेकर म्हणायचे, घाबरता काय, ह खाली ठेवा, स उचला.
तिकडे सप्तचा हप्त, सिंधूचा हिंदू.
मग हखा कोण, बोला?
कॅम्पात खोदादादच्या हॉटेलात बसलो होतो,
ब्रुन चहात बुडून मऊ झालेला.
तेवढ्यात गल्ल्यावरून नवसारीचा ठाकोर ओरडला,
"तीन नंबर, हाडे हात रुपिया!"
नेर्लेकरांनी बशीवर थाप मारली:
"साडेसात! घ्या, तुमच्या राजाचा कारकून!"

सखा. आणि मनिश म्हणजे मन.
सख्याचं मन असलेला.
निदान असं एक मत; दुसरीही आहेत,
कोशात कुठलंच पोट भरून जेवत नाही.
पण एवढं सैन्य, एवढा करभरणा, टपालाचे घोडे,
आणि मुळाशी बघावं
तर कुणीतरी कुणाचा तरी दोस्त.

भांडलो ते कार्ड कुठे लावायचं यावरून.
ते म्हणाले, 'स'मध्ये, मुळाशी.
मी म्हटलं, 'ह'मध्ये. शब्द ज्या श्वासाने आला
त्याच श्वासाने राहू दे.
मग आठ वर्षं एका पंख्याखाली
शिपायाच्या हातून चिठ्ठ्या.
"कृपया खिडकी लावावी."
"कृपया लावणार नाही."

गेल्या मार्गशीर्षात ते गेले. पेपरात वाचलं.

आज खण रिकामे करतायत.
'ह' अडला. डाव्या हाताने उचलला.
हप्त, हविष, हसित यांच्या गर्दीत
एक कार्ड, उजवीकडे कललेलं त्यांचं अक्षर:
हखामनिश, पुल्लिंगी.
अर्थाची जागा कोरी.
खाली फक्त: सखा पाहा.

'स' पलीकडच्या टेबलाला, त्यांच्या.
आठ वर्षं मी तिकडे पाहिलं नव्हतं.
आता तिथे स्कॅनर ठेवलाय,
वर धुळीसाठी टॉवेल.