मनगटावर निभावलं

एकतीस वर्षं कंपूच्या सरकारी दवाखान्यात
मी मोडक्या हातापायांना प्लास्टर घातलं.
पाणी कोमट हवं. पट्टी बुडवायची,
बुडबुडे थांबेपर्यंत धरायची,
मग पिळायची, पण अशी की पीठ आतच राहील.
एवढीच माझी विद्या.

जानेवारीत किल्ला धुक्यात गेला की
लष्करातल्या म्हाताऱ्या येत,
उजवं मनगट डाव्या हातात धरून,
जणू दुसऱ्याचं मूल सांभाळतायत.
मनगट पळीसारखं बाकलेलं.
दिघे डॉक्टर शिकाऊ पोरांना सांगत,
पडताना माणूस हात पुढे करतो,
सगळा भार मग इथं येतो, इथं.
मी पट्टी पिळत मनात म्हणे,
जिवावरचं मनगटावर निभावलं.

पोरांचं निराळं.
पतंगापायी जनकगंजच्या गच्चीवरून पडलेला इरफान,
त्याचं हाड ओल्या फांदीसारखं
एका अंगाला चिरलेलं, दुसऱ्या अंगाला नुसतं लवलेलं.
"चाचा, काटोगे तो नहीं?"
नाही रे. फक्त आत काडी घालून खाजवू नकोस.
सगळेच खाजवतात.
प्लास्टर कापताना मला सापडलंय:
विणायची सुई, झाडूचा हीर,
एकदा भूगोलाची कॉपी.

लोक म्हणतात, जुळलेलं हाड आधीपेक्षा भक्कम होतं.
मी फिल्मा पाहिल्यात.
आधी ढगासारखी गाठ धरते,
मग वर्षा-दोन वर्षांत उतरत जाते.
पोराचं हाड तर इतकं साफ विसरतं
की कुठला हात होता ते त्याच्या आईला विचारावं लागतं.
आईला तारीखसुद्धा आठवते.

गेल्या पौषात शरयू अंगणात घसरली.
दोन्ही हातांत दुधाचं पातेलं.
तिनं हात पुढे केला नाही.
पातेलं सोडलं असतं
तर मनगटावर निभावलं असतं,
आणि मनगट मला येतं.

खुब्याला प्लास्टर नसतं.
त्याला भूल लागते, पोलाद लागतं,
आणि माझ्या मुलाहून लहान डॉक्टर.
मी बाहेर बाकावर होतो.
बोटं उगाच मांडीवर पट्टी पिळत होती.

शुद्धीवर येताच तिनं विचारलं, "दूध?"
अर्धं वाचलं, मी म्हणालो.
विरजण लावलंय.

आता ती वॉकर धरून अंगणापर्यंत येते.
दोन पावलं, थांबा. गुडघा कट्‌ वाजतो.
कुणाचा वाजला यावरून आमचं भांडण होतं.
खिडकीच्या काचेला तिची फिल्म लावलीय:
मांडीचं हाड, आत पांढराशुभ्र खिळा,
सकाळी दोन्हींतून ऊन येतं.

परवा शेजारचा बिट्टू ती मागायला आला.
ग्रहण बघायचं होतं.
असं बघू नये रे, डोळे जातात,
एकतीस वर्षं सांगतोय, कोण ऐकतं?
शरयू म्हणाली, "चाळण आणा. पिठाची नको, भाताची."

मग वॉकरवरचा एक हात
तिनं सोडवला, बोट बोट करून,
आणि चाळण धरून पुढे केला.
मी मागे उभा, तिला न शिवता.
घसरली होती त्याच फरशीवर
सूर्याच्या बारीक बारीक कोरी पडल्या, पुष्कळ,
तिचा हात थरथरेल तशा हलत.
"मोज," ती बिट्टूला म्हणाली.