मोजदाद

आमचे वडील नोटा मोजायचे.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, एकतीस वर्षं.
कोरा करकरीत कागद, शाईचा वास,
उजव्या अंगठ्याच्या रेघा झिजून गुळगुळीत झालेल्या.
आई जेलरोडच्या बालवाडीत चिंचोके मोजायची.
एक चिंचोका, दोन चिंचोके,
कुणाचं नाक पुसत, कुणाची नाडी बांधत,
तीन चिंचोके.
वीस तारखेनंतर घरात
मोजण्यासारखं काही उरायचं नाही,
तेव्हा दोघं कशाला हसायचे
हे मला फार उशिरा कळलं.

प्रेसच्या फाटकावर रोज झडती.
डबा उघडा, चपला काढा, हात वर.
भोंगा होऊन पाऊण तास झाला की
सायकल ओट्याला टेकायची
आणि निवृत्ती काशिनाथ गांगुर्डे
स्वतःच्याच उंबऱ्यावर खिसे उलटे करून उभे.
"घ्या बाई, झडती."
आई पिठाच्या हातानं दोन्ही खिसे चाचपायची.
"जा. सुटलात."
फुलपँटीवर पिठाची बोटं.
दुसऱ्या दिवशी तीच पँट, झटकून.

आम्ही हिरामण, मी, बेबी.
माझ्यानंतर शकू होती.
नऊ महिन्यांची गेली, डांग्या खोकल्यानं.
शिरगणतीचे मास्तर आले, म्हणाले, मुलं किती?
वडील म्हणाले, तीन.
आई आतून म्हणाली, चार.
मास्तरांचं पेन कागदाच्या वर तसंच.
वडील जमिनीकडं बघत राहिले जरा वेळ,
मग म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे.
आमच्याकडं छपाई बिघडलेला कागदसुद्धा
हिशोबात धरतात.
जाळायचा असला तरी मोजून जाळतात."
मास्तरांनी काय लिहिलं, माहीत नाही.
त्या रात्री एका भाकरीवर लोणी जास्त होतं,
कुणाच्या ते सांगायला नको.

भांडायचेही.
हिरामणच्या लग्नात बँड लावायचा की नाही
यावरून पाच दिवस अबोला.
मधे बेबी, निरोप्या.
"तुझ्या वडलांना सांग, मीठ संपलंय."
"तुझ्या आईला सांग, फळीवर आहे, डब्याच्या मागं."
आणि मीठ खरंच तिथं असायचं.
ते कुणी आणून ठेवलं, हे कुणी विचारायचं नाही.

मग आईचे आकडे जायला लागले.
आधी कुकरच्या शिट्ट्या,
मग घराचा नंबर,
मग आम्ही.
वडलांनी माळ्यावरून चिंचोक्यांची पिशवी काढली.
ऊन उतरलं की दोघं दसकच्या घाटावर,
गोदावरीला पाणी असो नसो,
खालून तिसऱ्या पायरीवर.
एक चिंचोका, दोन चिंचोके.
ती सातावर अडायची.
"सातानंतर काय, बाई?"
ती त्यांच्याकडं बघून म्हणायची, "तुम्ही."
हेही उत्तर ते बरोबर धरायचे
आणि पुढं नऊ म्हणायचे.

ती मार्गशीर्षात गेली. थंडी मरणाची होती,
द्राक्षवाले बागांमध्ये शेकोट्या पेटवून बसले होते.
त्यानंतरही ते घाटावर जायचे, यायचे,
उंबऱ्यावर थांबून खिसे उलटे करायचे.
एकदा बेबीनं हात पुढं केला.
"राहू दे," म्हणाले, "तुझी ड्यूटी नाही ती."
खिसे स्वतःच आत ढकलून घरात आले.

होळीच्या आधी तेही गेले.

धोब्याकडून परत आलेल्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला
हातानं शिवलेला एक खिसा निघाला,
वाकडा टाका, त्यांचाच.
एकतीस वर्षं फाटकातून
काडीही बाहेर न आणलेल्या माणसाच्या
त्या चोरखिशात चिंचोके. पाच.

चार तर सरळ आहेत.
पाचव्यावरून आम्ही अजून भांडतो.
हिरामण म्हणतो, आईचा.
बेबी म्हणते, आईचा वेगळा कशाला मोजतील,
सुनेचा असेल.
मी म्हणते, मोजताना चुकले असतील.

आणि मग तिघंही गप्प बसतो,
कारण मोजताना
ते कधी चुकले नव्हते.