पोकळीचा जोर

गरवारे चौकात सिग्नल लाल झाला
आणि पायाखाली दगड लागला.
पेडल होतं तिथेच, पण खाली जाईना.
दोन्ही पाय लावले. सीटवरून उठून उभीच राहिले म्हणा.
ईको थांबली,
समोरच्या टेम्पोच्या फळीपासून हातभर अंतरावर.
मागे चौऱ्याऐंशी डबे एकमेकांवर आदळले
आणि कुणाच्या तरी वरणाची धार
माझ्या चपलेपर्यंत आली.

पंधरा दिवसांपूर्वी एकाने पॅड बदलून दिले होते.
सव्वीसशे रुपये, जुने दाखवलेही नाहीत.
तरी जड लागतंय म्हटलं, तर म्हणाला,
ताई, तुमच्याच पायात जोर नाही.
घरी येऊन मी पोटऱ्या चेपत बसले.
खरंच वाटलं मला.

अंबडला, आतल्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये
वाल्मिक गांगुर्डे.
पाना उचलायच्या आधी त्याने हात पुसले.
गाडी बंद करा. दाबा. सोडा. दाबा.
चार-पाच वेळा, पार कडक होईपर्यंत.
आता पाय तिथंच ठेवा, हलवू नका,
आणि चावी मारा.

मारली. सीटखाली इंजिन धडधडलं.
पेडल तसंच.
"गेलं का जरा खाली?"
नाही.
"जायला पाहिजे होतं," तो म्हणाला,
डॉक्टर म्हणतात तसं नव्हे,
भाकरी फुगली नाही की बाई म्हणते तसं.

मग म्हणाला, गाडी तुमच्या पायाने थांबत नाही, ताई.
पाय नुसता सांगतो.
पुढे काळा डबा आहे, बूस्टर.
त्यातली हवा इंजिन ओढून घेतं,
आणि आत जी पोकळी होते ना, तिचा सगळा जोर.
म्हणजे काहीच नाही, त्याचा जोर? मी म्हटलं.
"काहीच नाही, ते टिकवावं लागतं.
कुठून तरी हवा शिरली की संपलं."

डब्याकडचा पाइप काढून म्हणाला, ठेवा अंगठा.
नुसतं गुदगुदलं. ओढ नव्हती.
मग सीट उचलली, पोऱ्याने बॅटरी धरली,
आणि वाल्मिक रबराच्या त्या लांब पाइपावरून
कान लावत, बोटं फिरवत, गाडीखाली गेला.
जिथे पाइप पट्टीला घासत होता
तिथे नखाएवढी चीर.
कुकरची रिंग सैल झाल्यावर येते तशी फुसफुस.
इतके दिवस माझ्या बुडाखाली चालली होती ती,
आणि मी रेडिओ लावून बसायची.

त्याने चीर चिमटीत धरली.
दम लागल्यासारखं वरखाली होणारं इंजिन
एका सुरात आलं.
"आता ठेवा."
अंगठा आत ओढला गेला,
सोडवताना टप् वाजलं.

द्वारकेहून नवा पाइप आला, दोन क्लिपा.
व्हॉल्व्ह त्याने दोन्हीकडून फुंकून पाहिला,
एकीकडून जाते, दुसरीकडून नाही,
चांगला आहे, उगाच कशाला बदलायचा.
मजुरी धरून चारशे दहा.

पुन्हा बंद. पुन्हा दाबा, सोडा. पाय ठेवून चावी.
पेडल पायाखाली बसलं,
दोन बोटं,
मळलेली कणीक बसते तसं.

तेव्हा गुणाबाई आठवली.
मंगळवारी आवणीला गेली, पेठकडे, तिच्या गावी.
पहाटे चारला तिचे हात परातीत असायचे,
मी साडेपाचला लाटायला बसायची
आणि गिऱ्हाइकं म्हणायची, पोळी तुमच्याच हातची.
मी हसून घ्यायची.
गेले तीन दिवस डब्यांतून पोळीचे तुकडे परत येतायत,
आणि माझी मनगटं सुजलीत.
तिच्या नसण्याने मात्र काही ओढलं जात नाही.

परतताना गरवारेला पुन्हा लाल.
पाय नुसता टेकवला.
गाडी थांबली, वरण हललंसुद्धा नाही.
फोन लावला. तिकडे रेंज नसते.
तिसऱ्यांदा लागला,
पाठीमागे पाण्याचा आवाज, बायकांचा गलका.
"काय झालं ताई? सकाळ-सकाळ?"

काही नाही, म्हटलं.
काहीच नाही गं.

मागून हॉर्न सुरू झाले होते.