चिकोडीचा निरोप

पेंडीचा टेम्पोवाला निरोप घेऊन आला
कडोलीच्या चौकात. चहा तसाच धरून म्हणाला,
"मोनाप्पा, रायगोंडा सावकार विचारतोय,
येतोस काय गा आमच्याकडं?
हंगामाला दोन लाख, बक्षिसात चौथा वाटा,
आणि पडलास तर दवाखाना त्यांचा."

पडलास तर.
एवढ्यानंच डावा गुडघा ठणकला.
येळ्ळूरच्या माळावर चाक निखळलं तेव्हापासून
तो सगळं माझ्याआधी ऐकतो.

अकरा वर्षं सटूप्पा अण्णांची गाडी हाकतोय.
सत्तावीस ढाली, त्यांच्या सोप्यात ओळीनं.
एक मोटरसायकल, त्यांच्या जावयाकडं.
मला दर दिवाळीला पोतंभर रताळी,
आणि मिरग्या.
त्याला पहिली येसण घातली ती मी.
तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता,
आता नऊ वर्षांचा.
गेल्या खेपेला झेंडा चार हातांवर असताना
त्याचा दम सांडला.
मी हाक मारली नाही. तिसरा नंबर.
अण्णा काही बोलले नाहीत,
आणि ते न बोलणं मी घरापर्यंत आणलं.

मंगळवारी कुणाला न सांगता एसटी धरली.
हत्तरगीच्या पुढं तांबडी माती संपली,
काळी लागली, ऊस लागला.
सावकाराच्या गोठ्यात बैलांना पंखा.
पांढरीशुभ्र जोडी, पोटं आत गेलेली,
कातडीखाली पाणी हलावं तसे स्नायू.
छकड्यावर चढलो, "हैक" म्हणालो.
दोघंही उभेच,
जसं शेजारच्या कुणाला तरी हाक मारली.

गोठ्यातला पोरगा हसला,
"मामा, ह्यांना मराठी येत नाही."
मग तोंडातून जे निघालं ते मी शोधलेलं नव्हतं:
"नडी मगा, नडी."
आई हुक्केरीची. मला शाळेला हाकलताना
दारात उभी राहून हेच म्हणायची.
पुढचं मला नीट सांगता येत नाही.
बांधावरच्या बाभळींची एकच बाभळ झाली.
पोरानं मोबाईलवर आकडा दाखवला,
मी बघितला नाही.
पाठीच्या मणक्याला तो आधीच कळला होता.

बुधवारी चौकात सगळ्यांना ठाऊक.
"तिकडचा होणार म्हण की," चहावाला.
"खरं पैसा बघ की," दुसरा कोण.
बायको शेवंता भाकरी थापता थापता:
"गुडघा कुठल्या दावणीला बांधणार ते ठरव,
बैलाचं मागनं बघू."

संध्याकाळी गेलो.
अण्णा मिरग्याच्या शिंगांना तेल लावत होते.
मी तोंड उघडायच्या आत, मान वर न करता:
"सावकाराची जोडी बघून आलास म्हणे. कशी हाय?"

खोटं बोलता आलं असतं.
"उजवा थोडा आत रेटतोय," म्हणालो,
"खरं पळतात, अण्णा."

तेलाची वाटी त्यांनी कट्ट्यावर ठेवली.
बोटं धोतराला पुसली, एकेक करून.
"ओढू नकोस त्याला.
ओढलास की जास्तच आत येतोय तसला.
ढील दे. आपला आपण बाहेर जातोय."

मिरग्यानं माझ्या खिशात तोंड घातलं.
शेंगदाणे नव्हते.
मग खाली वाकून चपलांचा वास घेतला,
टाचेला अजून काळी माती होती.
फुस्स केलं, आणि वैरणीकडं वळला.

टेम्पोवाला शनिवारी येतो.
मी अजून हो म्हटलेलं नाही,
नाहीही नाही.
काल रात्री शेवंतानं हलवून उठवलं:
"काय करलासा हो झोपेत?"
बघितलं तर उजवा हात अंथरुणाबाहेर,
मूठ हळूहळू
ढील देत होती.