मोज्यांची बादली

कलेक्टरांनी सकाळी शाळा बंद केल्या, थंडीसाठी.
पाळणाघरही बंद. सुनीतीची ड्यूटी मात्र चालू.
लष्करात आज धुकं असं, की
समोरच्या गच्चीवरची टाकी
कुणी खोडरबरानं पुसल्यासारखी.
बाहेर नेता येत नाही. आत मावत नाही
दीड वर्षाची मैथू.

मग मीच घर काढलं कामाला.
फरशीवर उशा मांडल्या : ही बेटं, ते पाणी.
ग्वाल्हेरची फरशी जानेवारीत तशीही पाणीच असते.
मी या उशीवरून त्या उशीवर उडी मारली,
गुडघा कट्कन बोलला.
ती भर पाण्यात मांडी ठोकून बसली
आणि एका बेटाचा अभ्रा काढू लागली.

कणकेच्या डब्याला नाडी बांधली. गाडी.
ओढायच्याऐवजी तिनं डबा पालथा घातला
आणि डावानं बडवला, वीस मिनिटं.

लाटणं घरंगळवलं, पकड, म्हटलं, पळ!
ती बघत राहिली. लाटणं गेलं कॉटखाली.
मग कॉटखाली मी,
पोटावर सरपटत, दातांत टॉर्च,
तेव्हा कुठे ती हसली,
पाठीवर चढून बसली, म्हणाली, "और."

तिच्याजवळ शब्द चारच :
आई, पापा, भू आणि और.
घरातली मराठी, जिन्यातली हिंदी,
तिला लागेल तेवढं ती दोन्हीकडून उचलते.

शेवटी मोजे.
गुंडाळून गोळे केले, बादली ठेवली कपाटापाशी.
नेम धरून टाकायचे.
तिचे गोळे मागे, वर, स्वतःच्याच पायांवर.
एकदा फेकायचं विसरून
ती स्वतःच बादलीत जाऊन बसली.

बेल वाजली.
दारात खालचे भदौरिया, कानांवर मफलर,
"सुबह से क्या तोड़ रहे हो, साहब?"
मी उत्तर जुळवतोय तोवर
निळा मोजा त्यांच्या पोटावर.

त्यांनी तो उचलला.
चष्मा वर सारला, एक डोळा मिटला,
बंदूक रोखावी तसा हात रोखला.
हुकला.
मैथू म्हणाली, "और."
भदौरियांनी चपला दाराबाहेर काढल्या.

संध्याकाळी सुनीती आली, केसांत धुकं घेऊन.
मैथू दोन बेटांच्या मध्ये, पाण्यात, गाढ झोपलेली.
बादलीतले मोजे जोडीनं लावता लावता
सुनीती थांबली.
एक उरला होता,
राखाडी, लोकरीचा, अंगठ्याशी भोक असलेला.

"हा रे कुणाचा?"