पाणसळ

रात्री पावणेतीनला उशाचा फोन थरथरला.
हेल्काची साखर सतरा पूर्णांक चार,
बाण उभा.
बाहेर उणे एकवीस. घरात फ्रिजची घरघर
आणि तळ्याच्या बाजूनं मधूनच
बर्फाला तडा गेल्याचा आवाज.

पंप म्हणत होता, सगळं ठीक.
दिलं. दिलं. दिलं.
दर तीन मिनिटांनी कणभर,
वहीत कुठे खाडाखोड नाही.
खोटं बोलत नव्हता तो.
औषध आणि हवा यांतला फरक
त्याला कुणी शिकवलाच नव्हता.
ढकललं म्हणजे पोचलं, एवढाच त्याचा हिशेब.
हवासुद्धा त्यानं औषधाच्या भावानं मोजली होती.

नळी दिव्यापाशी धरली.
होता तिथे.
एका बारीक चुकेएवढा लांब,
त्याच्या मागे आणखी दोन.
दोन्हीकडे औषध, मधे
काहीच नसण्याचा तुकडा.

मी सुतार. तेहेतीस वर्षं
बुडबुड्याच्या भरवशावर भिंती उभ्या केल्या.
कुह्मोतल्या अर्ध्या खिडक्या
पाणसळीच्या हिरवट काचेत बघून बसवल्या.
तो दोन रेघांच्या मधे येऊन थांबला
की मी हातोडी उचलायचो.
इतक्या वर्षांत एकदाही दगा नाही.
आणि हा त्याचा भाऊबंद
माझ्याच मुलीच्या पोटाकडे निघालेला,
सावकाश,
रविवारी फिरायला निघाल्यासारखा.

चूक माझीच.
काल शाळेत नाताळचं नाटक होतं,
हेल्का लाल टोपीतला बुटका,
आणि टोपीचं इलॅस्टिक ऐनवेळी तुटलेलं.
त्या धांदलीत कुपी फ्रिजमधून काढली
ती तशीच गारठलेली पंपात भरली.
सायला नर्स दर खेपेला सांगते,
गार औषध हवा पोटात दाबून ठेवतं,
ऊब लागली की सोडून देतं.
आधी टेबलावर ठेवा. कॉफी प्या. मग भरा.
कॉफी मी प्यालो होतो.

नळी तिच्या अंगावरून सोडवताना ती जागी झाली.
"ही हवा आत गेली तर मी मरेन?"
नाही गं. ती कातडीखाली जाते, रक्तात नाही.
हवेनं काही होत नाही.
हवेच्या जागी जे यायला हवं होतं
ते आलं नाही, त्यानं होतं.
तिनं थोडा विचार केला.
"आईसारखं," म्हणाली,
आणि पेननं टोचून घ्यायला दंड पुढे केला.

मी काही बोललो नाही.
ग्लासभर पाणी ती घटाघट प्याली, आणखी मागितलं.
मग नवी कुपी काखेत धरून
मी स्वयंपाकघरात बसलो,
खुडूक कोंबडीसारखा,
पंचवीस मिनिटं, घड्याळ लावून.
हिल्कानं असं कधी केलं असतं का, कोण जाणे.
ती गेली तेव्हा पंप नव्हता,
हा आजारही नव्हता.

भरलं. टोक वर करून धरलं.
कडेला चिकटलेले बारीक बारीक,
मोहरीपेक्षा लहान, हट्टी.
टिचकी मारली. हलेनात.
पुन्हा मारली. एक सुटला,
त्याच्या नादानं बाकीचे,
वर जाऊन एकात एक मिसळले,
आणि मी त्यांना हळूच बाहेर ढकललं.
नळीच्या टोकाशी एक थेंब आला.
दुसरा. तिसरा.
खोलीभर जखमेच्या पट्टीचा वास.
एवढा चांगला वास मला ठाऊक नाही.

साडेपाचला साखर अकरा, बाण तिरका खाली.
तोवर मी नळीकडे बघत बसलो होतो,
जशी माणसं चुलीतल्या विस्तवाकडे बघतात.

सकाळी, म्हणजे अंधारातच, कामावर गेलो.
पोस्टामागच्या नव्या घराची चौकट.
पाणसळ ठेवली. बुडबुडा आला,
दोन रेघांच्या मधे थांबला, अगदी सरळ.
माझ्या बोटानं आपोआप
काचेला टिचकी मारली.

"काय रे?" ताउनो म्हणाला. "बिघडलीय का?"
नाही, म्हटलं.
पण हातोडी उचलायला मला वेळ लागला.