न खाल्लेलं मीठ

एनुगूच्या ओगबेते बाजारात मी सुका मासा विकते.
नॉर्वेचा, मीठ न लावता वाळवलेला,
इतका कडक की करवतीनं कापावा लागतो.
गिऱ्हाईक हुंगून भाव करतं.
मला त्याचा वास येत नाही.
जन्माआधीच सवय झाली असावी.

आज डॉक्टरीणबाईंनी बोटाला सुई टोचली, आकडा लिहिला.
दंडाचा पट्टा फुगला, सुस्कारला. आणखी एक आकडा.
"साखर बंद. मीठ जवळजवळ बंद."
मग पेन खाली ठेवून,
"जन्म कधीचा?"

अडुसष्टचा, म्हटलं. उमुआहियाच्या वाटेवर,
एका शाळेत, बाकं जाळून संपली होती तिथली.
त्या नुसतं "हं" म्हणाल्या.
त्यांच्या वहीत त्या सालचे आम्ही बरेच आहोत.

आई सांगायची,
नऊ महिन्यांत मिठाचा खडा एकदाच मिळाला,
कानातल्यांच्या बदल्यात.
एरवी केळीच्या साली जाळायच्या
आणि त्या राखेचं पाणी कालवणात.
रात्री उलीला काळोखात विमानं उतरत.
त्यातून हाच मासा यायचा,
सात बायकांत एक शेपूट.
सरडे खाल्ल्याचं ती हसत सांगायची,
मधेच थांबायची.
थोरल्या ओक्वुदिलीचं पोट फुगलं, केस तांबडे झाले,
त्याच्याविषयी एवढंच.

धाकटी उझोआमाका बहात्तरची.
तीच आई, तेच पातेलं.
अजून लग्नघरी ढोल वाजला की पहिली उठते.
मी दोन जिने चढले तर कठडा धरते.

लढाई संपल्याचं रेडिओनं सगळ्यांना सांगितलं.
मी पोटात असताना एकच निरोप ऐकला होता,
बाहेर काही नाही, येशील ते साठवायला शिकून ये.
शिकून आले.
उपास पाचवीला पुजलेला,
त्यावर पन्नास वर्षं भात, रताळी, तेल.

माणसं खाल्ल्या मिठाला जागतात.
हा देह न खाल्लेल्या मिठाला जागतोय.

आई गेली तेव्हा तिच्या पलंगाखाली
मिठाची चार पोती निघाली.
तीन वाटली.
रात्री चौथं ओढलं. दगड झालाय.
हातोडीनं कोपरा फोडला.
जिभेवर ठेवला नाही.
मुठीत धरून बसले,
वीज गेलेली, पंखा बंद,
आणि तळहाताच्या घामात
तो हळूहळू
लहान होऊ लागला.